सुखदेवभाऊंच्या अक्षता

लग्नात अक्षता सगळे टाकतात. आमचे सुखदेवभाऊ त्या खिशात घालत. "शुभमंगल सावधान" झालं की मांडवातले सगळे हात वर जात आणि यांचा हात खाली, सदऱ्याच्या खिशात. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर रुमाल पसरून हळदीचे पिवळे दाणे वेगळे करणं सुरू. सबंध दाणे इकडे, तुकडे तिकडे. नंतर वरबापाला गाठून विचारायचे, "तांदूळ कोनत्या मिलचा होये जी?" वरबाप बिचारा व्याह्याच्या रुसव्यात अडकलेला. तो काय सांगणार!

आमगावजवळच्या एका राईस मिलमध्ये सुखदेवभाऊ मिस्त्री होते आणि मी काट्यावर, म्हणजे धानाची पोती मोजायला. माणूस एकटा, खोली मिलच्याच आवारात. त्यांचं एक पालुपद होतं, "पयला नंबर कोनाचा, ते पाहा." चहा प्यायला बसले तरी आधी आमगावात सगळ्यात चांगला चहा कोणाचा, तो किती उकळतो, हे बघून यायचे आणि आमच्या चहावाल्याला ऐकवायचे. न्हाव्याला तर त्यांनी इतकं ऐकवलं की शेवटी तो म्हणाला, "भाऊ, तुमी पयल्या नंबराकडेच दाढी करा." पुढे मिलच्या शेठचा मुलगा नागपुरात शिकून आला आणि याला बेंचमार्किंग म्हणतात असं त्याने सांगितलं. भाऊ म्हणाले, "नाव काही ठेवा जी. सायकल मारत जावंच लागते."

त्या वर्षी मात्र गोष्ट चहापाण्याची नव्हती. आमच्या मिलमध्ये कनकी फार पडत होती. कनकी म्हणजे तांदळाचा तुकडा. व्यापारी आमचा माल परत पाठवू लागले. गोंदियाहून शेठ जीपने आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सुखदेव, दिवाली तक देखूंगा. टुकडा कम नहीं हुआ तो मिल बंद. गोदाम बना दूंगा." आम्ही चौदा माणसं होतो. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

भाऊंनी रुमालाच्या पुरचुंड्या काढल्या. गावोगावच्या लग्नांतल्या अक्षता, प्रत्येकीवर मिलची चिठ्ठी. सगळ्यात कमी तुकडा सालेकसा रस्त्यावरच्या एका मिलचा निघाला. भाऊंनी सुट्टी टाकली, सायकलला धानाचं पोतं बांधलं आणि शेतकरी बनून तिथे जाऊन बसले. चार दिवसांनी परतले ते वही भरून.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"कोनती गोष्ट कामाची, कोनती बिनकामाची, ते आपल्याले का मालूम? पाह्यलं तेवढं सारं करून पाहू."

त्या मिलची मशीन हिरवी होती, म्हणून आमची हिरवी झाली. कनकी तेवढीच. तिथला मिस्त्री मशीनपुढे उदबत्ती लावायचा, म्हणून आमच्याकडे उदबत्ती आली. कनकी तेवढीच, वर सगळ्यांना शिंका. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'जेवल्यावर वाळतं धान गोळा करून, गोणपाटाचा बारदाना झाकून, सगळे झोपतात.' यावर कोणाचीच हरकत नव्हती. इतकं मन लावून आम्ही दुसरं कुठलंच काम केलं नसेल.

चौथ्या दुपारी शेठ न कळवता आले. अंगणात धानाचे झाकलेले ढीग, त्यांच्यामध्ये आम्ही आडवे, आणि भाऊ छातीवर वही ठेवून घोरत होते. शेठ असे ओरडले की समोरच्या झाडावरची पाखरं उडाली. "ताला लगाओ! आज ही!"

भाऊ उठले, डोळे चोळले. "शेठ, काम चालू होये जी. कुलूप लावा, पन या चार दिवसांत वाळलेलं धान भरडू द्या. मंग लावा."

मशीन सुरू झाली. भाऊंनी तांदूळ शेठच्या तळहातावर ठेवला आणि एकेक दाणा बाजूला करू लागले. सबंध. सबंध. सबंध. शेठचा दुसरा हात कमरेवरून हळूहळू खाली आला. उकडलेलं धान आम्ही दिवसभर रखरखत्या उन्हात ठेवायचो, म्हणून दाणा आतून तडकायचा. दुपारी झाकल्यावर त्याला विसावा मिळत होता. आम्हाला वाटलं होतं, बारदाना शेळ्यांनी धानात तोंड घालू नये म्हणून आहे! दिवाळीला शेठनी स्वतः पेढे वाटले, आणि दुपारची झोप मिलचा नियम झाली.

काही वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न झालं. अक्षता आमच्याच मिलच्या तांदळाच्या. मंगलाष्टकं सुरू असताना मागच्या रांगेत एक अनोळखी माणूस अक्षता रुमालात बांधताना दिसला. भाऊंनी त्याला लगेच ओळखलं. सालेकसा रस्त्यावरच्या मिलचा मिस्त्री!

"तांदूळ कोनत्या मिलचा जी?" त्याने विचारलं.

भाऊंची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटन तुटायला आलं. "आमचा!" अर्ध्या मांडवाने वळून पाहिलं. "सांगतो सारं. पयले जेवून घ्या."

मग ते गर्दीतून माझ्यापर्यंत आले. मूठ गच्च मिटलेली, डोळे भरलेले.

"काऊन जी भाऊ?" मी विचारलं.

"माझ्या मायले मजुरीत कनकीच भेटे. माझ्या लगनात अक्षता बी कनकीच्याच पडल्या. बायको दोन सालांत गेली. लोक म्हनत, तुटक्या अक्षता पडल्या म्हनून गेली. मी नाही मानत जी तसं. पन हात नाही उठला मंग कोनाच्या लगनात." त्यांनी मूठ उघडून दाखवली. "यात एक बी तुटका नाही. मी पाह्यलं."

शेवटचं "सावधान" झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुखदेवभाऊंचा हात वर गेला. मूठभर अक्षता माझ्या पोरीच्या डोक्यावर पडल्या. खिशात त्यांनी एकही दाणा ठेवला नाही.