भाई ऑफशोअर आहेत

पंधरवड्याआड आमचे शेजारी भाई शिरधनकर घरातल्या घरात समुद्रावर जात.

म्हणजे असं की, पंधरा दिवस भाई चारचौघांसारखे. सकाळी मांडवीच्या जेटीपर्यंत फेरी, येताना वाटा-दोन वाटे बांगडे, मग दगडी गडग्यापलीकडून माझ्याशी गप्पा. पंधरवडा सरला की संध्याकाळी रीतसर निरोप घेत. "वहिनी, उद्यापासून मी ऑफशोअर. नारळ पडले तर तुमचे." दुसऱ्या दिवशी नारिंगी बॉयलर सूट अंगात, हेल्मेट डोक्यावर, खिडक्या बंद. पुढचे पंधरा दिवस भाई रत्नागिरीत नसत.

भाई पेट्रोलियम इंजिनियर. उभी हयात त्यांनी समुद्रातल्या तेलविहिरींवर काढली. दोन हप्ते रिगवर, दोन हप्ते घरी. रिटायर झाले तरी ती पाळी मोडली नाही, फक्त हेलिकॉप्टर यायचं बंद झालं.

घरी असताना त्यांचा एकच त्रास होता. रिगवर लेखी परवानगीशिवाय कुणी नटावर पानाही फिरवत नाही, म्हणून भाई सगळ्या गल्लीला विचारत, "परमिट काढलं काय?" माडावर अर्ध्यात चढलेल्या गड्याला विचारत. इस्त्रीवाल्याला विचारत. एकदा मी चूल पेटवून पाणी तापवत होते, तर गडग्यावरून डोकं वर आलं. "हॉट वर्क चाललंय, आगीचं काम. परमिट?" मी म्हटलं, "भाई, आंघोळीचं पाणी आहे." तर म्हणाले, "आग विचारत नाही, पाणी कशाचं."

इथवर गंमत. पण ते 'नसले' की त्या घराकडे बघवत नसे. पावसाळ्यात आमची गल्ली आधीच अंधारी. त्यात त्या बंद काचांमागे एक नारिंगी आकार या खोलीतून त्या खोलीत सावकाश सरके. कधी भाई गच्चीवर उभे राहत, भर पावसात, समुद्राकडे तोंड करून, पाय फाकवून, किंचित डुलत. गच्ची हलत नव्हती. भाई हलत्या जमिनीवर उभे असल्यासारखे तोल सावरत.

रविवारी सकाळी शिट्टी वाजे, लांब, कर्कश. मग भाई हजेरी घेत. रिगवरच्या सोबत्यांचं एकेक नाव मोठ्यानं पुकारत आणि प्रत्येक नावापुढे थांबत, कुणीतरी 'हजर' म्हणावं इतका वेळ. समोरच्या घरातलं कुत्रं तेव्हा भुंकायचं सोडून पायरीखाली जाऊन बसे. मीही वाटणाचा मिक्सर बंद ठेवी. पुढचं नाव आलं की जीव खाली पडे.

त्या वर्षी माझ्या मुलीचा, मुक्ताचा, इंजिनियरिंगला नंबर लागला. पुण्याचं कॉलेज, ब्रँच पेट्रोलियम. तिचे बाबा नोकरीला मुंबईत, ते फोनवर उसळले. "सगळं जग विजेच्या गाड्यांकडे निघालंय आणि आपली पोर तेल शोधायला? नोकरी कोण देणार?" जागा घ्यायची की सोडायची हे त्याच आठवड्यात सांगायचं होतं. विचारायला माणूस एकच, आणि तो ऑफशोअर होता.

मी म्हटलं, थांबू. मुक्ता थांबली नाही. तिनं सरळ जाऊन त्यांच्या खिडकीवर टकटक केली. मी छत्री धरून मागे.

"भाईकाका, मी मुक्ता. थोडं विचारायचं होतं."

आतून घोगरा आवाज आला. "शिरधनकर इथे नाहीत."

"मग कोण बोलतंय?"

"रेडिओ रूम."

आवाज भाईंचाच, पण फार लांबून आल्यासारखा, मध्ये खूप पाणी असल्यासारखा. मी तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"मग रेडिओ रूम, निरोप पोचवाल? मला पेट्रोलियम मिळतंय. घेऊ की नको? ओव्हर."

मग काचेमागे नारिंगी रंग जवळ आला. चेहरा दिसत नव्हता.

"गणित कसं आहे? ओव्हर."

"बरं आहे. फिजिक्स जास्त आवडतं."

"मग शिकशील. खडकाचा दाब, द्रवाचं वाहणं, सगळं तेच आहे. फक्त डोळ्यांनी काही दिसत नाही. मैलभर खाली काय चाललंय ते वरून ओळखायचं."

"नोकरी?"

"पगार चांगला. पण तेलाचा भाव पडला की कॉलेजात कंपनी फिरकत नाही. एका बॅचला सगळ्यांना नोकरी, पुढच्या बॅचला चौघांना. माझ्याबरोबरची हुशार पोरं शेवटी बँकेत गेली. हे आधी बाबांना सांग, मग घे."

"आणि तेलच नको झालं लोकांना तर?"

"एकदम नाही होणार. झालं तरी राजापूरच्या उन्हाळ्यात, त्या गरम झऱ्यांत, कढत पाणी कुठनं येतं? ती खालची ऊब वर आणायला, नाहीतर वरचा धूर खाली पुरायला, भोक पाडणारा माणूस लागतोच. एकाच कंपनीकडे डोळे लावून बसू नको. कॉम्प्युटरही नीट शीक. ओव्हर."

"मुलींना रिगवर घेतात?"

"घेतात. कमी आहेत. बाथरूमसाठीसुद्धा भांडावं लागतं. भांड."

मुक्ता हसली. मग तिनं विचारलं, "तिथलं सगळ्यात वाईट काय, काका?"

नारिंगी रंग मागे सरला. आवाज पुन्हा लांब गेला. "तिथे काही वाईट नाही. तिथे दिवस कामात जातो. वाट बघायचं काम घरच्यांकडे." आणि पडदा ओढला गेला.

मुक्तानं बाबांना सगळं सांगितलं, बॅचचंही. दोन दिवसांनी ते "घे" म्हणाले. तिनं जागा घेतली.

निघायच्या आधीच्या रविवारी दुपारी मी हळदीच्या पानांतल्या पातोळ्या केल्या होत्या. मुक्ता म्हणाली, काकांच्या दारात ठेवून येऊ. दार नुसतं लोटलेलं होतं. हाकेला ओ नाही, म्हणून आत गेलो.

भाईंची बायको, शालूवहिनी, गेल्यावर मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. वहिनी घरी एकट्या असताना गेल्या. समुद्रावर वादळ, हेलिकॉप्टर उडेना. भाई पोचले तोवर आम्ही गल्लीवाल्यांनी सगळं उरकलं होतं. भाई रडले नाहीत. दिवसकार्य झालं, तारीख आली, तसे रिगवर परत गेले.

आत सगळं लख्ख. वहिनींच्या फोटोला हार नव्हता. त्यांची छत्री खुंटीला, चपला मागच्या दाराशी, पुसून ठेवलेल्या. आत्ताच विहिरीवर जाऊन आल्यासारख्या.

तेवढ्यात माजघरातला जुना फोन वाजायला लागला.

आम्ही दोघी दचकलो. फोन वाजतच राहिला. मागच्या दारातून परसात बघितलं तर भाई, नारिंगी सुटात, आमच्याकडे पाठ, कानाला मोबाईल. आपल्याच घरी फोन लावून ते शांतपणे वाट बघत होते.

मी डोळ्यांनी नको म्हणेपर्यंत मुक्तानं रिसीव्हर उचलला.

परसातून आणि रिसीव्हरमधून एकदमच आवाज आला. "शाले, जेवलीस काय गो?"

मुक्ताचा चेहरा उतरला. "काका... मी मुक्ता."

भाई वळले नाहीत. पाठ तशीच. पागोळ्या तेवढ्या वाजत होत्या.

"ती कुठं आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

मुक्तानं माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "काही सांगायचं होतं का? मी ऐकते."

"सांगायचं म्हणजे..." भाईंनी हातानं तोंड पुसलं. "हवामान खराब होतं म्हणावं. मी निघालो होतो. बॅग भरून डेकवर उभा होतो. उडालंच नाही ते."

"ऐकलं, काका."

मग दोघंही फोन कानाला धरून नुसती उभी राहिली. मला तेव्हा कळलं. घरी असले की भाईंचं घर रिकामं असे. समुद्रावर गेले, की घरी वाट बघणारं माणूस असे.

पातोळ्या ठेवून आम्ही पावलं न वाजवता बाहेर पडलो.

मुक्ता निघाली तेव्हा भाईंची पाळी संपायला अवकाश होता. तरी एसटी स्टँडवर ते आले. पांढरा शर्ट, दाढी केलेली, उन्हात आल्यासारखे डोळे बारीक केलेले. मुक्ता वाकली तर म्हणाले, "लॅबमध्ये बूट घाल. चप्पल नको." बाकी काही नाही. गाडी वळेपर्यंत हात वर धरून उभे राहिले.

दिवेलागणीला आम्ही चालत परत आलो. माझ्या घराच्या पायरीशी ते थांबले. आत अंधार होता, मुक्ताच्या जुन्या चपलांचा एकच जोड दाराशी.

"वहिनी," भाई म्हणाले, "दिव्याला हात लावायच्या आधी चहाला या. मी घरी आहे."