दोनशे अकरा सह्या

दुपारचे साडेतीन वाजले होते. केर्नफिल्ड नगरपालिकेच्या सभागृहात दिवंगत ऑर्विल थॉर्सन यांच्या फोटोसमोरच्या काळ्या वहीत दोनशे अकरा सह्या झाल्या होत्या. दोनशे बारावी करायला पालिकेची कारकून आर्डिथ खुर्चीत बसली आणि तिने पहिल्यांदाच पानावरचा मजकूर वाचला.

वहीच चुकीची होती.

ऑर्विल सहा वेळा प्रांताच्या विधानसभेवर निवडून गेले होते. निवृत्तीनंतर त्यांनी एकच ध्यास घेतला: गावच्या बागेत सार्वजनिक शौचालय हवं. त्या मागणीची नवी वही ते दर वर्षी पालिकेत ठेवत. वर्षाकाठी त्यात सात-आठ सह्या होत आणि महापौर ग्लेन बॉयचुक मागणी फेटाळून लावत. यंदाच्या वहीत अजून एकही सही नव्हती. शोकसंदेशाची नवी वहीही त्याच दुकानातली, तशाच काळ्या पुठ्ठ्याची. आर्डिथने सकाळी डोळे पुसत खणातून हाताला लागली ती काढून ठेवली होती.

पानापानावर ऑर्विल यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'बागेत शौचालय व्हावं, अशी आमची मागणी आहे.' खाली दोन रकाने, नाव आणि कारण.

कारणं अशी : 'त्यांनी माझी गाडी बर्फातून ढकलून दिली होती.' 'गाव पोरकं झालं.' आणि सगळ्यात पहिलं, खुद्द ग्लेन यांचं : 'ही पोकळी कधीच भरून निघणार नाही.'

सही करून खजुराच्या वड्या खात बसलेल्या गावकरी स्टॅनला तिने गाठलं. "तू वरचं वाचलं नाहीस?"

"वाचलं की."

"मग बोलला का नाहीस?"

"मयताच्या दिवशी कुणी खोट काढतं का? म्हटलं, शेवटची इच्छा असेल."

केर्नफिल्डमध्ये पाय ज्याचा तुडवला जातो, माफी तोच मागतो. तिथे कोण विचारणार!

चार वाजता ग्लेन सगळ्यांसमोर ही वही ऑर्विल यांच्या पत्नीला, वर्नाला, देणार होते. कोरी शोकवही द्यावी तर गावाला काळीज नाही असं व्हायचं, ही द्यावी तर एकोणीस वर्षांची नोकरी जायची.

"ग्लेन, जरा ऐकता का?"

"नंतर, आर्डिथ." वही त्यांच्या हातात होती आणि वर्ना दारात.

वर्नाने चष्मा लावला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. तिचे खांदे हलायला लागले. स्टॅनने घाईघाईने रुमाल पुढे केला, पण ती हसत होती.

"ग्लेन, ही सही तुमचीच ना?"

"अगदी मनापासून केलीय, वर्ना."

"मग बांधताय कधी?"

ग्लेननी वहीत डोकावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मजकूर न वाचताच सही ठोकली, हे विधवेला कसं सांगणार?

"बर्फ वितळला की," ते म्हणाले. "लगेच."

आर्डिथचा जीव भांड्यात पडला. तिने उभ्या उभ्या तीन वड्या खाल्ल्या.

जूनमध्ये शौचालयाचं उद्घाटन झालं तेव्हा आर्डिथने खरी शोकवही बाहेर काढली. या वेळी प्रत्येकाने मजकूर दोनदा वाचला. "यात मी काय कबूल करतोय?" ग्लेननी हळूच विचारलं.

"काही नाही. फक्त त्यांची आठवण येते, एवढंच."

पहिलं पान मात्र वर्नाचं होतं. तिने लिहिलं : 'ऑर्विल, झालं बघ एकदाचं. आता स्वस्थ झोप.'