भास्कररावांचं पर्सेंटाइल

भास्कररावांना चहा कसा झालाय, असं विचारू नये. एक घोट घेऊन ते डोळे मिटतात आणि सांगतात, "अठ्ठ्याऐंशी पर्सेंटाइल." म्हणजे शंभर कपांतले अठ्ठ्याऐंशी याच्या बरोबरीचे किंवा याहून पानचट. चहावाल्यानं विचारणं कधीच सोडलंय.

साखरखेर्ड्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. भास्करराव पंचायत समितीतून बाबू म्हणून निवृत्त झाले आणि माझ्याकडच्या प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसू लागले. सीईटीचे दिवस आले की त्यांच्या अंगात येतं. कुणाचे आईबाप आले रे आले की, "मार्क नोका सांगू! शंभरातले किती पोट्टे मागं हायेत ते सांगा!" गिऱ्हाईक माझं, तास त्यांचा.

एकदा एक बाई भांडायलाच आल्या. त्यांच्या पोराला शेजारच्या पोरीपेक्षा पाच मार्क जास्त, तरी पर्सेंटाइल तिचं वर.

"काऊन? वशिला हाय का तिचा?"

"ताई, दोघायचा पेपर एका दिवशी होता का? नाही ना. तुमच्या पोराले सोपा आला, म्हंजे काळं रान. तिले कठीण, म्हंजे मुरमाड. तिनं मुरमाडात पाच पोते सोयाबीन काढलं, त्यानं काळ्यात सहा. शेती कोनाले जमली?"

"पन पोते आमचेच जास्त ना!"

त्या दिवशी माझा एकही फॉर्म भरून झाला नाही. म्हाताऱ्याला वेळ जात नाही, दुसरं काय, असं मी धरून चाललो होतो.

यंदा उत्तरतालिका आली त्याच दिवशी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. तालिकेवरून मोजलेले मार्क, दोनशेपैकी चौऱ्याण्णव.

"अर्धेबी नाही. बीएचा फॉर्म भरून टाका," ते मला म्हणाले. पोरगी खाली बघत होती.

आता भाषण होणार म्हणून मी मागे रेललो. भास्करराव उठले आणि त्यांनी त्या माणसापुढे चक्क हात जोडले.

"भाऊ, निकाल लागेपर्यंत थांबा. मी थांबलो नाही. माह्या पोरीले, सुनंदाले, सीईटीत दोनशातले शहाण्णव होते. मी म्हटलं, नापास. निकाल पाहूच देल्ला नाही, लगन लावून मोकळा झालो. इथं येऊन बसलो तवा समजलं, ते मार्क चांगले होते."

मी मान वर केली नाही. मला माझीच लाज वाटत होती.

ते गृहस्थ थांबले. निकाल लागला, मुलीला एक्क्याण्णव पर्सेंटाइल. कॉलेजांचे पर्याय भरून बापलेक हसत गेले. भास्करराव बसूनच होते.

"सुनंदाताईंना हे ठाऊक आहे?" मी विचारलं.

"कोन्या तोंडानं सांगू? ते अजून म्हन्ते, बाबा, मी ढच होती."

मग त्यांनी स्वतःच फोन लावला. आधी नातवाच्या सर्दीची चौकशी केली, तिकडच्या पाण्यापावसाची केली. मग म्हणाले,

"सुनंदा, तू ढ नोती बाई. मी होतो."

भास्करराव फोन कानाला धरून तसेच बसले. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला मी उद्या यायला सांगितलं.