पिल्लाची भूक उत्तम

एका जंगलात पिल्लांवर फार, म्हणजे फारच प्रेम होतं. नाही हो बाळांनो, आया करतात तसलं साधं प्रेम नव्हे. सरकारी प्रेम! सिंहमहाराजांनी त्यासाठी वेगळं खातंच काढलं होतं. पिल्लू रक्षण खातं. झाडाझाडाला त्याची पाटी होती. पाटीवर महाराजांचं मोठं चित्र, आणि कोपऱ्यात जागा उरली होती तेवढ्यात एक पिल्लू.

त्या जंगलात तळ्याकाठी टिटवीबाई बालवाडी चालवायच्या. जरा कुठे खुट्ट झालं की ओरडायचं, हा टिटव्यांचा कुळाचार. त्यामुळे जंगल त्यांच्यावर जरा वैतागलेलंच असे.

त्यांच्या वर्गात भुरी नावाचं तरसाचं पिल्लू होतं. आईबाप लहानपणीच गेलेले, म्हणून ती तरसकाकांकडे राहायची. काका म्हणजे जंगलातलं बडं प्रस्थ. उत्सव समितीचे अध्यक्ष. अनाथ पुतणीबद्दल बोलताना त्यांना भाषणात हुंदका यायचा, आणि तो नेमका टाळ्यांच्या आधी यायचा.

भुरीच्या बरगड्या लांबून मोजता यायच्या. मधल्या सुट्टीत ती दुसऱ्यांच्या डब्यांकडे बघत बसायची. एके दिवशी आली ती कानाचा तुकडा गमावूनच.

"कानाला काय झालं गं?" टिटवीबाईंनी विचारलं.

"काही नाही, बाई. काका म्हणालेत, बोललीस तर दुसरापण तोडीन."

टिटवीबाईंनी वर्ग चिमणीच्या ताब्यात दिला आणि तडक खातं गाठलं.

खात्यात घोरपडबाईसाहेब होत्या. घोरपडीची पकड तुम्हाला ठाऊक आहेच. गेली अकरा वर्षं त्या खुर्चीला धरून होत्या.

"उपाशी ठेवतात की मारतात?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही हो!"

"मग अवघड आहे. उपासमारीचं कार्यालय नदीपलीकडे. इथे फक्त मारहाण. आम्ही कान बघू, पोट त्यांनी बघायचं."

"अहो, पण पिल्लू एकच आहे ना!"

"तीच तर अडचण आहे," घोरपडबाई म्हणाल्या. मग त्यांना दया आली. "बरं, विशेष बाब म्हणून दोन्ही घेते. पाहणीला आठ दिवसांनी येऊ. तसं पत्र आजच तरसरावांना जाईल. सोबत तुमच्या तक्रारीची प्रत. माहितीसाठी."

"त्यांनाच? ती कशाला?"

"त्यांच्याबद्दलच लिहिलंय ना? मग त्यांना नको का कळायला? महाराजांचा कारभार पारदर्शक आहे, बाई."

ते आठ दिवस भुरी बालवाडीत आली नाही. टिटवीबाई रोज खात्यात जायच्या. शिपाई असलेलं माकड रोज म्हणायचं, "पाहणी ठरलीये की. आता मधेच कसं जायचं? काकांना वाटेल, आपला त्यांच्यावर विश्वास नाही."

नवव्या दिवशी पाहणी झाली. गुहा सारवलेली होती. दारात रांगोळी होती. भुरीला ओढ्यावर नेऊन खसाखसा धुतलं होतं आणि कानावर मोठ्ठं जास्वंदीचं फूल खोवलं होतं. कसं गोड दिसत होतं म्हणून सांगू! फुलाखाली बघायचं खात्यातल्या कुणाच्याही मनात आलं नाही.

"फूल काढा!" पाहणीमागोमाग आलेल्या टिटवीबाई ओरडल्या.

"पिल्लाच्या अंगाला हात लावायचा तर वरून मंजुरी लागते," घोरपडबाई म्हणाल्या. "आपण पिल्लांची किती काळजी घेतो बघा."

मग त्यांनी काकांना शेजारी बसवलं, म्हणजे पिल्लू घाबरणार नाही, आणि प्रेमाने विचारलं, "बाळ, काका मारतात का गं?"

भुरीने काकांकडे पाहिलं.

"नाही."

पाहुण्यांसाठी खाणं आलं. काकांनी एक तुकडा भुरीपुढेही टाकला. ती त्यावर अशी तुटून पडली की घोरपडबाईंना कौतुक वाटलं. त्यांनी अहवालात लिहिलं, 'पिल्लाची भूक उत्तम.' काकांनी निरोपाचे दोन शब्द बोलताना एक हुंदकाही दिला.

पाहणीची मंडळी वळणाआड गेली आणि काका आत वळले. "तक्रार करतेस होय?" त्यांचा एवढाच आवाज बाहेर ऐकू आला. पुढचं मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात. भुरी तुमच्याहून लहान होती.

दुसऱ्या दिवशी काका उत्सव समितीच्या बैठकीला गेले तशा टिटवीबाई गुहेत शिरल्या. भुरी मागच्या भिंतीशी वेलीने बांधलेली होती. टिटवीबाईंनी अर्ज केला नाही. त्यांनी चोच चालवली. दुपारपर्यंत वेल तुटली आणि त्या भुरीला तळ्याकाठी घेऊन आल्या. तळ्यावरच्या पाणमांजरीने मासा दिला, भेकरीने पालापाचोळ्याचं अंथरूण केलं. भुरी खाऊन झोपली. झोपेत तिने एकदा शेपटी हलवली, आणि टिटवीबाई आयुष्यात पहिल्यांदा अगदी गप्प बसून राहिल्या.

तासाभरात सरकार आलं.

होय, तासाभरात! घोरपडबाई खुर्ची सोडून आल्या. नदीपलीकडचं कार्यालय पोहून आलं. गेंडे शिपाई आले. इतकं सरकार तळ्याने कधी एका जागी पाहिलं नव्हतं.

"पालकाच्या संमतीवाचून पिल्लू हलवलं?" घोरपडबाई गरजल्या. "हे तर अपहरण!"

"अहो, मेली असती ती!"

"मग तसा अर्ज आला असता. आम्ही बघितलं असतं. आणि हे बघा, आमचा कालचाच अहवाल आहे. पिल्लू सुखात आहे. तुम्ही खात्याला खोटं पाडताय?"

टिटवीबाईंनी भुरीवर पंख पसरले. टिटवीचे पंख ते केवढे! गेंड्याने त्यांना अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि बालवाडीला टाळं लावलं.

भुरीला समारंभाने काकांच्या स्वाधीन करायचं ठरलं. काकांनी हार आणला. टिटवीबाईंचा आवाज ओरडून ओरडून बसला होता. भुरीने एकदा मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग ती काकांच्या पुढे, शेपूट पोटाशी घेऊन, चालू लागली. ती रडली नाही. रडल्यावर काय होतं हे तिला माहीत होतं.

घोरपडबाईंनी अहवाल पुरा केला. 'पिल्लू हसतखेळत घरी गेले.'

तात्पर्य: पिल्लाला मारलं, उपाशी ठेवलं तर सरकारला यायला सवड होत नाही. पिल्लाला सोडवलं की मात्र ते तासाभरात हजर होतं. म्हणून बाळांनो, सरकारला तातडीने बोलवायचं असेल, तर एखादं चांगलं काम करावं.