हेमचंद्रची हलकी गाडी

गणेश चतुर्थीच्या सकाळी उकडीच्या मोदकांचा शेवटचा डबा भरून मृदुला घराबाहेर आली, घरच्या जुन्या गाडीत बसली आणि तिने किल्ली फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही. तिने उतरून बॉनेट उघडलं. बॅटरी असायची तिथे एक चौकोनी खळगा होता आणि त्यात एक वाळकं पान पडलं होतं.

"हेम, बॅटरी कुठाय?"

"दोन दिवसांसाठी घेतलीय," गॅरेजमधून उत्तर आलं.

"कधी घेतलीस?"

"मागच्या महिन्यात."

गॅरेजमध्ये हेमचंद्रची दुसरी गाडी होती. तिला दुसरी म्हणायचं ते मृदुलाने; हेमचंद्रच्या लेखी तीच पहिली होती. नऊ वर्षांपूर्वी ती इंग्लंडहून खोक्यांमध्ये आली होती. चासी, इंजिन, फायबरचं अंग, दोन सीटा आणि 'कोणालाही जोडता येईल' असं कव्हरवर लिहिलेलं एक पुस्तक. हेमचंद्रने ती चार वर्षांत जोडली, सरकारी तपासणीत पास करून घेतली आणि नंबरप्लेट लावली. शहाण्या माणसाने तिथे थांबून गाडी चालवायला सुरुवात केली असती. हेमचंद्रने अपग्रेड करायला सुरुवात केली.

नोकरीला तो फेल्डहोवन या डच गावातल्या मोठ्या कंपनीत होता, चिपा तयार करणारी यंत्रं बनतात तिथे. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग इकडे सरकला की तिकडे, यावर तो दिवसभर मीटिंगा घ्यायचा. घरी आल्यावर हीच बुद्धी तो गाडीवर चालवायचा. गाडी वेगवान करायची तर तिचं वजन उतरवलं पाहिजे, हे त्याला कुठल्याशा व्हिडिओतून समजलं होतं. मग त्याने गाडीतून हीटर काढला. स्टेपनी काढली. जॅक काढला. कापडी टप काढलं, बायकोच्या सीटची गादी काढली आणि हँडब्रेकच्या दांड्याला ओळीने भोकं पाडली. साधे बोल्ट जाऊन टायटॅनियमचे आले. प्रत्येक बोल्ट तो मृदुलाच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा, ज्यावर ती तांदळाची पिठी तोलायची. जुन्या आणि नव्यात चार ग्रॅमचा फरक निघाला की त्या आनंदात तो वरणभातावर तूप जरा जास्तच घ्यायचा. नऊ वर्षांत गाडीचं जेवढं उतरलं तेवढं त्याच्या अंगावर चढलं होतं, पण माणसाला तोलायची त्या घरात पद्धत नव्हती.

मृदुला पुण्यात बँकेत होती. इथे ती नवऱ्याच्या व्हिसावर आली आणि पहिली काही वर्षं सगळ्यांच्या लेखी 'हेमचंद्रची मिसेस' होती. मग तिने डबे सुरू केले, आधी ओळखीत, मग ओळखीच्या ओळखीत. या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या सुनेत्राताईंनी नैवेद्याचे सगळे मोदक तिला सांगितले होते. अख्ख्या मंडळाची ऑर्डर तिला पहिल्यांदाच मिळाली होती. पहाटेपासून ती उभी होती, बोटांची टोकं भाजली होती आणि एकाही मोदकाची कळी फुटली नव्हती. हे मोदक वेळेत पोचणं हा तिच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न होता, आणि त्यात अतिशयोक्ती आहे असं ज्याला वाटेल त्याने आधी उकड काढून बघावी.

"सायकलवरून नेतेस का?" हेमचंद्रने सुचवलं. "दहा मिनिटांवर तर हॉल आहे."

"तीन डबे? पोचेपर्यंत मोदकांचे लाडू होतील."

"मग माझ्या गाडीतून जाऊ. फर्स्ट पब्लिक ड्राइव्ह. सगळ्यांना दाखवायचीच होती." त्याचा चेहरा असा काही उजळला की बॅटरी आपोआप नाहीशी झाली नव्हती अशी मृदुलाला शंका आली.

पण वेळ नव्हता. नऊवारी सावरत ती गाडीत उतरली. उतरली हेच बरोबर, कारण ही गाडी एवढी बुटकी होती की तिच्यात चढण्यासारखं काही नव्हतं. मागच्याच आठवड्यात हेमचंद्रने उंची कमीजास्त करता येणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवून ती आणखी खाली घेतली होती, वळणावर पकड चांगली मिळावी म्हणून. फेल्डहोवन सपाट आहे आणि तिथले रस्ते फूटपट्टीने आखलेले आहेत, पण हेमचंद्र तत्त्वाचा माणूस होता. एक डबा मृदुलाच्या मांडीवर, एक पायाशी, एक सीटमागे, अशी वरात निघाली.

ती त्यांच्याच गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिथे गतिरोधक होता. पुढची चाकं त्यावरून दिमाखात उतरली, मग खालून खर्रर्र असा आवाज आला आणि गाडी पोटावर टेकून थांबली. मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली.

"काय झालं?" मृदुलाने विचारलं.

"काही नाही. कॉन्टॅक्ट झालाय."

गतिरोधकासमोरच्या घरातल्या टिनेकेबाई कुत्र्याला फिरवून परत येत होत्या. त्या थांबल्या, गाडीकडे बघितलं, गतिरोधकाकडे बघितलं.

"हा तुमचाच ड्रेम्पल ना?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

ड्रेम्पल म्हणजे गतिरोधक, आणि गोष्ट खरी होती. पिझ्झावाली पोरं स्कूटर पळवतात म्हणून हेमचंद्रने दोन वर्षांपूर्वी खेमेंटेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, अर्ज केला होता. नुसता अर्ज नाही. सोबत गतिरोधकाचं स्वतः काढलेलं ड्रॉइंग जोडलं होतं, आणि नेहमीच्या उंचीने काही साधत नाही म्हणून चार बोटं वाढवून मागितली होती. खेमेंटेने प्रत्येक बोट दिलं होतं.

"फार चांगला झालाय," टिनेकेबाई म्हणाल्या. "कोणी जाऊच शकत नाही."

मृदुलाने मांडीवरचा डबा घट्ट धरला. हेमचंद्रने फोन काढून त्याच्या कंपनीतल्या शैलेंद्रला लावला. "शैल्या, ग्राउंड क्लिअरन्सचा इश्यू आलाय. हो, लोडेड कंडिशनमध्ये. गल्लीच्या तोंडाशी. ये पटकन."

"त्याला गाडी घेऊन ये म्हणालास का?"

"तो समजेल गं."

शैलेंद्र समजला. भरजरी कुर्त्यात, सायकलवरून, पुढच्या बास्केटमध्ये टॉर्क रेंच आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन तो पाच मिनिटांत हजर झाला.

"अहो, गाडी कुठाय तुमची?" मृदुलाने विचारलं.

"आमची पूर्णिमा मखर घेऊन गेली ना तिच्यातून हॉलवर. का हो वहिनी, गाडी हवी होती?"

तेवढ्यात सुनेत्राताईंचा फोन आला. "मृदुला, कुठवर आलीस? अगं, हॉल दीडपर्यंतच आहे आपल्याकडे. नंतर इथल्या आजीआजोबांचा बिंगो आहे, ते एक मिनिट थांबत नाहीत. कुणाला पाठवलं असतं, पण दहा इंजिनिअर मिळून एक स्पीकर लावतायत. नाहीतर असं करू का? दुकानातले फ्रोजन मोदक आहेत फ्रीजरमध्ये, ते ठेवू नैवेद्याला. तुझे मग प्रसादाला खाऊ."

फ्रोजन मोदक बाप्पापुढे आणि मृदुलाचे मागून, चहाबरोबर. सुनेत्राताईंनी हे प्रेमाने म्हटलं होतं, त्यामुळे तर जास्तच लागलं. अडकले आहे असं सांगितलं असतं तर मंडळात वर्षभर तेच चघळलं गेलं असतं.

"ताई, फ्रीजर उघडू नका," ती म्हणाली. "पोचतेच आहे."

इकडे शैलेंद्र कुर्ता सावरत रस्त्यावर आडवा झाला होता आणि गाडीखाली कागद सरकवून बघत होता. "जॅक दे."

"जॅक काढून टाकला. वजन होतं त्याला."

"मग शॉकची हाइट वाढवू. पाना दे."

"चाक काढल्याशिवाय पाना पोचत नाही. आणि चाक काढायला..."

"जॅक लागतो." शैलेंद्र उठून बसला. "हेम्या, तू क्लिअरन्स मोजला नव्हतास का?"

"मोजला नव्हतास म्हणजे? लेझरने मोजला. तीनदा."

"तू आत बसलेला असताना?"

"मी आत बसल्यावर मोजणार कोण?"

शैलेंद्रने मान हलवली. हा मुद्दा त्याला पटला, आणि या दोघांची पंधरा वर्षांची मैत्री कशावर टिकून होती ते मृदुलाला त्या क्षणी कळलं.

"ढकला ना मग," ती म्हणाली.

"नाही, नाही, बॉडीला हात लावायचा नाही," हेमचंद्र घाईने म्हणाला. "फायबर आहे. तडा जाईल."

"लोड कमी करू," शैलेंद्रने निदान केलं. मोदकांचे तिन्ही डबे बाहेर आले. टिनेकेबाईंनी न सांगता ते आपल्या दारातल्या बाकावर नीट ओळीने ठेवले आणि कुत्र्याला दुसऱ्या बाजूला बांधलं. शैलेंद्रने कागद सरकवला. गाडी टेकलेलीच होती. मृदुला उतरली. कागद जरासा आत गेला आणि अडकला. हेमचंद्रने खिशातून पाकीट, फोन आणि किल्ल्यांचा जुडगा काढून शैलेंद्रच्या हातात दिला आणि बसल्या जागेवरूनच आशेने खाली वाकून पाहिलं.

"अजून टेकलंय," शैलेंद्र म्हणाला. "वहिनी उतरल्या, मोदक उतरले. स्टेपनी नाही, हीटर नाही, टप नाही. आता गाडीत काढण्यासारखं उरलंय तरी काय?"

मृदुलाने हेमचंद्रकडे बघितलं. टिनेकेबाईंना मराठी येत नव्हतं, पण त्याही हेमचंद्रकडेच बघत होत्या.

"उतर," मृदुला म्हणाली.

"मी उतरलो तर ब्रेक कोण दाबणार? हँडब्रेकवर भरवसा नाही."

"का नाही?"

"भोकं पाडलीत ना त्याला."

"मी दाबते ब्रेक. उतर तू."

"मृदुला, या गाडीचा क्लच फार सेन्सिटिव्ह आहे."

"मीपण आहे."

शैलेंद्रने चाकाला वीट लावली. हेमचंद्र दोन्ही बाजूंना हात टेकून, कण्हत, एकेक भाग करून बाहेर आला. त्याचा दुसरा पाय रस्त्यावर टेकला आणि गाडी सगळ्यांच्या देखत उचलली गेली. शैलेंद्रचा कागद या बाजूने आत गेला आणि त्या बाजूने बाहेर आला.

"हेम्या," शैलेंद्र हळूच म्हणाला, "टायटॅनियमच्या बोल्टांनी एकूण किती वाचवलं होतंस रे तू?"

मृदुलाने काष्टा सावरला, गाडीत बसली, आरसा आपल्या उंचीला लावला, क्लच सोडला आणि गाडी गतिरोधकावरून अलगद खाली उतरवली. खालून ब्र निघाला नाही. पलीकडे थांबून तिने डबे मागवले. ते बाजूच्या सीटवर एकावर एक रचले गेले आणि हेमचंद्रने हौसेने बसवलेल्या चारपदरी रेसिंग पट्ट्यात आवळून बसले.

"आणि मी?" हेमचंद्रने विचारलं.

"हॉलपर्यंत असे अजून दोन आहेत," मृदुला म्हणाली. "तू चालत ये."

तिने गिअर टाकला. नऊ वर्षांत त्या इंजिनाचा खरा आवाज गल्लीने पहिल्यांदाच ऐकला. हेमचंद्र मागून "तीन हजार आरपीएमच्या वर नेऊ नकोस" असं ओरडत चार पावलं धावला आणि दम लागून थांबला.

तो हॉलवर पोचला तेव्हा आरती संपत आली होती. बाप्पापुढे मृदुलाचे मोदक होते, त्यांच्या कळ्या शाबूत होत्या, आणि सुनेत्राताई बायकांना सांगत होत्या की फ्रोजनचं नावसुद्धा कोणी काढायचं नाही, दिवाळीचा फराळही हिच्याकडेच. मृदुलाचे डोळे भरून आले होते, आणि ते उदबत्तीच्या धुरामुळे नव्हतं. बाहेर गाडीभोवती पोरं आणि त्यांचे बाप जमले होते.

"अरे, मृदुलावहिनींची गाडी बघितलीस का?" एकाने हेमचंद्रला विचारलं. "काय टेचात आल्या नऊवारी नेसून. असल्या गाडीचा नाद आहे त्यांना, तू कधी बोलला नाहीस."

"मी बांधलीय ती," हेमचंद्र म्हणाला. "स्वतःच्या हाताने."

"हो का? छान. बायकोच्या हौसेला मदत करावी माणसाने." आणि तो मृदुलाचा फोटो काढायला गेला.

हेमचंद्रने आपलं दुःख मोदकांत बुडवलं. तुपाची धार धरून पाच खाल्ले, आग्रह झाला म्हणून आणखी दोन. बिंगोवाले आजीआजोबा दाराशी येऊन घड्याळ बघू लागले तेव्हा मंडळ आवरून बाहेर पडलं. हेमचंद्र चालकाच्या दारापाशी गेला. तिथे मृदुला आधीच बसली होती. तो मुकाट्याने फिरून पलीकडे गेला आणि गादी नसलेल्या सीटवर बसला. डबे आता रिकामे होते, ते त्याच्या मांडीवर आले.

पहिल्या गतिरोधकाआधी मृदुलाने गाडी थांबवली.

"उतर."

"आता कशाला? मोदक कुठे आहेत गाडीत?"

"तुझ्यात आहेत."

तो डब्यांसकट उतरला, गतिरोधक चालत ओलांडला आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. मृदुलाने गाडी हळूच पार केली आणि त्याला घेतलं. दुसऱ्यापाशी तो न सांगताच उतरला. तिसऱ्यापाशी, त्याच्या स्वतःच्या ड्रॉइंगवर बांधलेल्या, चार बोटं जास्तीच्या गतिरोधकापाशी, दोन सायकलस्वारांनी थांबून त्याला आदराने वाट दिली. कपाळावर गंध, हातात स्टीलचे डबे, तोंडात विड्याचं पान अशा अवस्थेत हेमचंद्र गाडीच्या पुढून संथपणे चालत गेला.

टिनेकेबाई दारातच होत्या. मृदुलाने त्यांच्यासाठी घरी बाजूला ठेवलेले मोदक आणून दिले. बाईंनी ते हातात धरून आधी हेमचंद्रकडे बघितलं, तो अजून धापा टाकत होता, आणि मग हलक्या आवाजात विचारलं, "नवऱ्याने असं गाडीच्या पुढून चालायचं, हा तुमच्या सणाचाच भाग का?"

"हो," मृदुला म्हणाली. "यंदापासून."