शेवटच्या नावापर्यंत

सिनेमा संपला की लोक उठतात. मी उठत नाही. पडद्यावरून शेवटचं नाव सरकेपर्यंत बसून राहायचं, हा माझा नेम आहे. (सुरुची, म्हणजे माझी बायको, तोवर बाहेर जाऊन वडापाव खाऊन घेते.) त्यामुळे आमच्या करी रोडच्या बिल्डिंगमध्ये मला सिनेमातलं फार कळतं, असा एक समज आहे.

म्हणूनच शेजारचा ध्रुव माझ्याकडे आला. तो सिनेमांच्या साउंडचं काम करतो. त्याच्या वडिलांची, माधवरावांची, मात्र तो नुसता उनाडतो अशी खात्री. "पडद्यावर नाव दाखव, नाहीतर सोमवारपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास!" असा त्यांनी दम भरला होता.

"काका, नाव आलंय माझं, पण एकदम लास्टला. बाबा थांबणार नाहीत. तुम्ही त्यांना बसवून ठेवा ना, प्लीज."

"शेवटपर्यंत बसण्यात माझा हात कोण धरणार रे!" मी म्हणालो.

रविवारी दादरला बाल्कनीत माधवराव, मीनाक्षीवहिनी, सुरुची आणि मी. ध्रुवला आत यायचा धीर होईना, तो बाहेरच फेऱ्या मारत होता. सिनेमा संपला, नावं सुरू झाली आणि डोअरकीपर ओरडला, "चला, चला! पुढच्या शोचं पब्लिक थांबलंय!"

"झालं वाटतं," माधवराव उठले.

"बसा!" मी असा ओरडलो की माधवराव बसलेच, डोअरकीपरही बसला.

पण आता नावं मध्येच बंद केली तर? मी मागे धावलो, शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर चढलो आणि ऑपरेटरच्या खिडकीसमोर हात जोडले. "दादा, बंद करू नका! पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"अहो, खाली उतरा!" सुरुची किंचाळली.

"थांब गं, तो ऐकतोय!"

"आधी पडद्यावर बघा!"

मी वळलो. पडद्यावर एक प्रचंड काळं डोकं होतं आणि त्यात नावं एकेक करून गडप होत होती. ते डोकं आपलं आहे हे कळायला मला जरा वेळच लागला. (पडद्यावर आपण देखणे दिसू, अशी माझी लहानपणापासूनची समजूत.) घाईघाईने खाली वाकलो, तर सीट मिटली आणि पाय अडकला. मी पाय सोडवत असतानाच पुढे टाळ्या वाजल्या.

"दिसलं का हो?" मी वाकूनच ओरडलो.

माधवराव चष्मा पुसत होते. "दिसलं. ध्रुव माधव नाचणे. माझंही नाव घातलंय गाढवाने."

क्लास टळला! मला इतकं हायसं वाटलं की डोअरकीपरने पाय ओढून काढला, त्याचंही काही वाटलं नाही. ध्रुवचं नाव मात्र तेवढं मला बघायचं राहिलं.

वहिनींनी नाव आलं नेमका त्याच क्षणी पडद्याचा फोटो काढला होता. तो आता त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला माधवराव कौतुकाने दाखवतात, "वर नाव आहे, तो आमचा ध्रुव. खाली गोल दिसतंय, ते शेजारच्यांचं टक्कल."