हरणाऱ्याचं कलम

पहिल्याच भेटीत सबनीस काका मला म्हणाले, "दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं अजिबात पटत नव्हतं गं. पहिला होता तोवर सगळं ठीक होतं." काकांच्या भावंडांत काहीतरी बिनसलेलं दिसतंय असं समजून मी चेहरा जरा दुःखी केला. नंतर कळलं, हे अमेरिकेचे पहिले तीन राष्ट्राध्यक्ष. काका त्यांना नावाने संबोधत नाहीत. घरच्या माणसांचं नाव कशाला घ्यायचं?

काका तीस वर्षं इथे ऑस्ट्रेलियात, ग्लेन वेव्हर्लीत राहतायत. कौन्सिलमध्ये गटारांच्या नकाशांवर काम करून रिटायर झाले, पण तिथलं नारिंगी जॅकेट अजून रोज फिरायला जाताना घालतात. अमेरिकेला आयुष्यात गेलेले नाहीत. मी म्हटलं, "काका, राहता इथे आणि इतिहास तिकडचा?"

"इथे राजा आहे गं. आयत्या राज्यात काय शिकणार? त्यांनी नवा संसार मांडला आणि पहिल्या दहा-बारा वर्षांत एकमेकांची तोंडं बघेनासे झाले. शिकायचं ते नव्या संसाराकडून."

आमचं मराठी मंडळ तेव्हा नवंच होतं. चाळीस कुटुंबं, आणि काकांनी त्यांच्यासाठी लिहिलेली एकतीस पानांची घटना. ती झिपलॉकच्या पिशवीत घालून ते सगळीकडे नेत. कोणी काही सुचवलं की पान उलटून शांतपणे म्हणत, "असं कलम नाही." कलम चार होतं, आधी चहा, मग विषय. आणि कलम नऊ असं: अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जो हरेल तो उपाध्यक्ष, आणि हॉलची किल्ली उपाध्यक्षाकडे. "तिकडे सुरुवातीला असंच होतं," काका म्हणाले. "किल्लीचं तेवढं माझं. जिंकणाऱ्याकडे माइक, हरणाऱ्याकडे किल्ली." आम्ही हसत हसत सह्या केल्या. नवव्या कलमापर्यंत वाचलं होतं कोणी!

पहिले अध्यक्ष एक शांत डेंटिस्ट होते. बिनविरोध आले, दोन वर्षांनी पुरे म्हणाले आणि गोल्फ खेळायला निघून गेले. काकांना भरून आलं. "पहिल्यानेही अगदी असंच केलं. त्याचं फक्त शेत होतं."

मग आमच्यात व्हायचं ते झालं. शाळेचा हॉल फक्त शनिवारी दुपारी मिळायचा. निखिल भागवतला तो गणपतीच्या कार्यक्रमाच्या तालमीला हवा होता, मला मुलांच्या मराठी वर्गाला. बघता बघता स्टेज पार्टी आणि शाळा पार्टी असे दोन तट पडले. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे तीन झाले. माणसं सुपरमार्केटमध्ये समोरून येताना दिसली की डाळी सोडून साबणांकडे वळायला लागली. निवडणूक झाली आणि मी निखिलकडून चार मतांनी हरले.

सांगायला लाज वाटते, पण हॉलवरून घरी येईपर्यंत गाडीतच मी वेगळं मंडळ काढलं होतं. अठरा कुटुंबं तयार, नाव ठरलेलं, लोगोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी बेल वाजली. माझी अकरा वर्षांची इरा दार उघडून ओरडली, "मम, द कॉन्स्टिट्यूशन इज हिअर!"

काका आत आले, बसले आणि चहाची वाट बघत राहिले. सांत्वनाचा एक शब्द नाही. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढून टीपॉयवर ठेवली.

"काका, मी राजीनामा देते."

"असं कलम नाही."

"म्हणजे काय?"

"उपाध्यक्षाच्या राजीनाम्याचं कलम लिहायचंच राहिलं बघ," काका म्हणाले आणि बशीतलं बिस्किट उचललं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

मला रडू येत होतं आणि रागही. मी मान फिरवून बसले. तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "दुसरा हरला ना, तो तिसऱ्याच्या शपथविधीला थांबलाच नाही. पहाटे घोडागाडीत बसला आणि गावी निघून गेला. पुढे कित्येक वर्षं बोलणं नाही. म्हातारपणी पत्रं लिहायला लागले, तेव्हा दोघांना कळलं, केवढं बोलायचं राहिलंय. मला नेहमी वाटतं केतकी, त्या पहाटे त्या गाडीचं दार धरून ठेवायला एक माणूस का गेला नाही?"

काका उठले. "शनिवारी दोनला," म्हणाले आणि नारिंगी जॅकेट घालून चालते झाले.

शनिवारी दोनला मी गेले, फक्त किल्ली द्यायला.

"हाय."

"हाय. किल्ली?"

"आहे."

पहिले तीन शनिवार निखिलचं आणि माझं एवढंच संभाषण. चौथ्या शनिवारी कुलूप अडकलं. थंडीत कुडकुडत आम्ही दोघं वीस मिनिटं त्याच्याशी झटलो. शेवटी निखिल म्हणाला, "हे पण शाळा पार्टीचं दिसतंय." मला हसू आवरेना. त्या दिवशी ठरलं, तालीम स्टेजवर आणि वर्ग मागच्या किचनमध्ये. वर्ष दोन्हींचं नीट चाललं. अठरा कुटुंबं मनातल्या मनात माझ्यावर रागावली असतील, पण दुपारी चहाला सगळी असायची.

जुलैत नाशिकला माझे बाबा गेले. नवरा पर्थला साइटवर. शनिवारची सकाळ होती, म्हणून मी निखिलला फोन केला, "किल्ली घेऊन जा." तो आला, माझ्याकडे एकदा बघितलं, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "बॅग कुठेय? एअरपोर्टला मी सोडतो." त्याच्या बायकोने, ऋचाने, इराला दोन आठवडे आपल्याकडे ठेवून घेतलं. माझा वर्गही निखिलनेच घेतला. परत आले तेव्हा मुलं बाराखडी विसरली होती आणि लेझीम शिकली होती.

सरळच सांगते. त्या रविवारी काका आले नसते, तर माझ्याकडे लोगोसकट स्वतःचं मंडळ असतं, आणि त्या सकाळी फोन करायला माणूस नसता. काकांचे हे उपकार मी विसरणार नाही.

यंदा मी निवडून आले. निखिल हरला, किल्ली त्याच्याकडे गेली आणि आम्ही दोघांनी त्यावर भरपूर हसून घेतलं. पण मंडळ आता मोठं झालंय. वार्षिक सभेत एका नव्या सभासदाने हात वर केला. "काका, रिस्पेक्ट आहे, पण कलम नऊ प्रॅक्टिकल नाहीये. प्रेसिडेंटला आपली टीम नको? आणि मी बघितलं, अमेरिकेनेच हा रूल काढून टाकला."

"काढला," काका म्हणाले. "फार लवकर काढला."

निखिल बोलला, मी बोलले. उपयोग झाला नाही. हात काकांनीच मोजले, दोनदा, कारण तसं कलम होतं. "कलम नऊ रद्द," त्यांनी स्पष्ट आवाजात जाहीर केलं. मग पट्टी लावून त्यावर लाल रेघ मारली, घटना पिशवीत घातली आणि चहाला न थांबता गेले.

सकाळी मी निखिलला घेऊन त्यांच्या घरी गेले. काकांनी दार उघडलं. "काही विसरलं का गं हॉलवर?"

"नाही काका. तुम्ही हरलात, म्हणून आलो."

काका दारातच उभे राहिले. चष्मा काढून जॅकेटला पुसला. "या," म्हणाले, "या, या ना."

मी आत काकूंकडे गेले. काकू कधी सभेला येत नाहीत, त्यामुळे आमचं बोलणं तसं कमीच. त्या ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या.

"तुमच्या आधी इथे जुनं मंडळ होतं, त्यात हे अध्यक्षपदाला उभे होते, ठाऊक आहे?" त्या म्हणाल्या. "हरले. मी सकाळी वीस माणसांचे पोहे भिजवले. म्हटलं, जिंकले असते तर अभिनंदनाला आले असते, आता समाचाराला येतील. ज्यांच्यासोबत पंधरा वर्षं मंडळ चालवलं ती माणसं. हे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. कोणी फिरकलं नाही. तीन दिवस आम्ही दोघंच पोहे खात होतो. मग लायब्ररीतून ते जाडजूड पुस्तक आणलं, अन् तेव्हापासून हे दुसरा-तिसरा."

बाहेर काका निखिलला विचारत होते, "तुम्ही दोघंच, का अजून कोणी येणारंय?" आवाज अगदी सहज ठेवला होता त्यांनी.

मी तिथेच, ओट्याशी उभी राहून मंडळाच्या ग्रुपवर काकांचा पत्ता टाकला आणि लिहिलं, "काका हरलेत. चहाला या."

अकरापर्यंत त्यांच्या गल्लीत गाडी लावायला जागा राहिली नाही. कलम रद्द करा म्हणणारा तो नवा सभासदही बायकोमुलांना घेऊन आला. काकूंनी तीनदा पोहे भिजवले.